कंसमामा

आमच्या बीड जिल्ह्याला वादाचं वावडं कधीच नव्हतं. पाऊस हुलकावणी देतो, धरणं तळ दाखवतात, पण वादाच्या विषयांचा दुष्काळ काही इथे पडत नाही. परळीच्या वैजनाथाचंच घ्या. बारा ज्योतिर्लिंगांतलं वैद्यनाथ ते आमचंच, असं परळीकर सांगतात. तिकडे झारखंडात देवघरचे लोक ते त्यांचं म्हणतात. दोघेही पुरावा म्हणून एकाच स्तोत्राकडे बोट दाखवतात, फक्त पाठ वेगळा. मुकुंदराजांचंही तेच. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा. तो लिहिणारे मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे की विदर्भातल्या अंभोऱ्याचे, यावर विद्वानांच्या दोन-तीन पिढ्यांची शाई आटली. ग्रंथकर्ता स्वतः ब्रह्म आणि माया यांचा निकाल लावून मोकळा झाला. त्याच्या गावाचा निकाल अजून लागायचाच आहे.

तेव्हा वाद ऐकायची आमच्या कानांना सवय आहे. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत आमच्या ओट्यावर जो वाद झाला, तसा या जिल्ह्यात पूर्वी झाला नसावा. वादी आमचा भाचा, प्रतिवादी आमचे जावई, आणि वादाचा विषय : संगणकावर अक्षरं लिहायची ती कशात?

भाचा परळीचा, नोकरी बंगळुरात. जावई लातूरकडचे, नोकरी पुण्यात हिंजवडीला. दोघेही प्रोग्रामर. भाचा मला मामा म्हणतो हे ओघानंच आलं. पण आमच्याकडे जावईही सासऱ्याला मामाच म्हणतात. त्यामुळे दोन्ही पक्षांनी "मामा, तुम्हीच सांगा," म्हटलं की न्यायाधीशाची खुर्ची आपोआप माझ्याकडे येते. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे न कळणाऱ्या विषयावर गंभीर चेहरा ठेवून मान डोलावणं मला जमतं. शाळा-तपासणीच्या वेळी दुसरं काय करत होतो?

आता प्रोग्रामर म्हणजे काय, तर दिवसभर यंत्राला पत्रं लिहिणारा माणूस. त्या पत्रांना नक्षी लागत नाही, ठळक-तिरपं लागत नाही. नुसती साधी अक्षरं लागतात. ती लिहायची जी दौत-टाक-पाटी, तिला हे लोक एडिटर म्हणतात. आपल्याला वाटेल, पाटी ती पाटी, तिच्यावरून काय भांडायचं? पण कीर्तनकाराला टाळावरून आणि बायकांना खलबत्त्यावरून किती बोलता येतं ते ज्यानं ऐकलंय, त्याला हे नवल वाटणार नाही. हत्यार हातात बारा तास असलं की ते हत्यार राहत नाही. ते माणसाचं मत होतं.

भाच्याचं मत ईमॅक्स. जावयांचं मत विम.

दोन्ही घराण्यांचे मूळपुरुष १९७६ सालचे. अमेरिकेत पूर्वेला एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन वगैरे मंडळींनी ईमॅक्स रचला आणि त्याच साली पश्चिमेला कॅलिफोर्नियात बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला. पुढे १९८५ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू ईमॅक्स काढला. व्हीआयच्या गादीवर १९९१ मध्ये ब्राम मोलेनार नावाच्या डच गृहस्थांनी विम बसवला. हे मोलेनार २०२३ साली वारले. विम त्यांनी फुकट दिला आणि बदल्यात एवढंच मागितलं, की आवडला तर युगांडातल्या पोरक्या मुलांना मदत करा. हे सांगताना जावयांचा आवाज किंचित बदलला. त्यावर भाचाही गप्प झाला. वादात असा एखादा क्षण आला की समजावं, दोन्हीकडची माणसं बरी आहेत.

पण असा क्षण टिकतो थोडाच?

"मामा, विममध्ये दोन अवस्था असतात," जावई सांगू लागले. "एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटतं. दुसरीत तीच कळ हुकूम होते. ओळ उडव, शब्द बदल, खाली जा."

मी म्हटलं, "म्हणजे सोवळं-ओवळं."

"अगदी बरोबर!"

"आणि सोवळ्यात आहे की ओवळ्यात हे विसरलं तर?"

"तर मजकुराचा सत्यानाश," भाचा खुशीत म्हणाला.

मी जावयांच्या लॅपटॉपवर जरा हात चालवून पाहिला. आत शिरलो, नाव लिहिलं, आता बाहेर पडायचं. बाहेर काही पडता येईना. ही तक्रार जगभरची आहे म्हणे. विममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न प्रोग्रामरांच्या एका प्रसिद्ध प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी कुणीतरी विचारून ठेवलाय आणि २०१७ सालापर्यंत दहा लाखांवर लोक तो उघडून बघून गेले होते. मला मात्र त्यात परकं काही वाटलं नाही. मराठवाड्यात कुणाच्या घरी जाऊन बघा. शिरायला दार सताड उघडं, निघतो म्हटलं की चहा येतो, चहा झाला की पोहे येतात, पोहे झाले की "आता जेवूनच जा." विम हा त्या अर्थानं अस्सल मराठवाडी यजमान आहे. बाहेर पडायचा मंत्र जावयांनी सांगितला तो असा : आधी एस्केप, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग क्यू, आणि वर उद्गारचिन्ह. नातेवाइकांच्या घरून निघतानाही शेवटी उद्गारचिन्हच कामाला येतं.

ईमॅक्सची तऱ्हा निराळी. तिथे सोवळं-ओवळं नाही, पण एकेका हुकमाला दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. भाचा काम करू लागला की पेटी वाजवतोय असं वाटतं, फक्त सूर निघत नाही. बोटांची शकलं होतात ती होतातच. पण त्या ईमॅक्सच्या पोटात काय नाही? हिशेब आहे, दैनंदिनी आहे, पत्रव्यवहार आहे, विटा पाडायचा खेळ आहे. एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा आहे! वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्राम केला होता, त्याच घराण्यातला हा डॉक्टर. आपण इंग्रजीत लिहायचं की गुडघे दुखतात. तो विचारतो, गुडघे दुखतात असं तुम्हाला का वाटतं? मी दहा मिनिटं त्याच्याशी बोललो. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण फीही लागली नाही.

"ईमॅक्समध्ये सगळं आहे, मामा," जावई म्हणाले, "फक्त चांगला एडिटर तेवढा नाही." हा विनोद त्या लोकांत फार जुना आहे, असं भाच्यानं तोंड वाकडं करून सांगितलं. मग त्यानंही आपला जुना विनोद काढला : व्ही-आय, व्ही-आय, व्ही-आय असं तीनदा लिहा, रोमन आकड्यांत सहाशे सहासष्ट होतात, आणि तो ख्रिस्ती लोकांत सैतानाचा आकडा. खुद्द स्टॉलमन अंगात झगा घालून, डोक्यामागे संगणकातल्या जुन्या तबकडीची प्रभावळ लावून ईमॅक्स संप्रदायाचे संत म्हणून व्यासपीठावर उभे राहत असत. म्हणजे गादी आहे, संत आहे, पाखंडी आहेत. आता फक्त दिंडी काढायची राहिली.

इतका वेळ मला गंमत वाटत होती. मग भाच्यानं ईमॅक्सचं पोट उघडून दाखवलं आणि मी चष्मा पुसला. पडद्यावर कंसच कंस. उघडणारे कंस, मिटणारे कंस. ओळीच्या शेवटी तर सात-सात कंस एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे, रेशनच्या रांगेसारखे.

"हे काय रे?"

"ही लिस्प, मामा. ईमॅक्स बहुतेक हिच्यातच लिहिलाय."

"एवढे कंस?"

"मामा म्हटले की कंस आलेच," जावई हळूच म्हणाले. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून मोठ्यानं हसल्या. तेव्हापासून घरात माझं नाव कंसमामा पडलं आहे आणि ते आता मिटेलसं दिसत नाही.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत काढली. नावातच 'लिस्ट', म्हणजे यादी आहे. मॅकार्थींनी भाषेचं मर्म कागदावर मांडलं होतं. स्टीव्ह रसेल नावाच्या त्यांच्या सहकाऱ्यानं ते सरळ यंत्रात उतरवून दाखवलं. आणि ते कंस? ते म्हणे तात्पुरते होते. पुढे त्यांच्या जागी जरा माणसासारखी लिहिण्याची पद्धत यायची होती. ती रुजलीच नाही आणि तात्पुरते कंस साठ-पासष्ट वर्षं टिकून आहेत. यात मला नवल वाटलं नाही. तात्पुरती म्हणून केलेली गोष्ट कायमची राहते आणि कायमची म्हणून मंजूर झालेली गोष्ट येता येत नाही, हे बीडकराला कुणी शिकवायला नको. आमच्या बीड शहरातून रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तिची वाट बघण्यात माणसं म्हातारी होऊन गेली.

"पण यात आहे काय एवढं?" मी विचारलं.

भाच्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. लिस्पमध्ये आधी क्रियापद येतं, मग ज्यांच्यावर क्रिया करायची त्यांची यादी, आणि सगळ्याला मिळून एक कंस. (बेरीज २ ३) असं म्हटलं की उत्तर पाच. (आणा दूध साखर कोथिंबीर) असं म्हटलं की, निदान आमच्या घरात, मी पिशवी घेऊन निघतो. म्हणजे आमची ही लग्न झाल्यापासून लिस्पच बोलते आहे, फक्त कंस मला दिसत नव्हते.

दुसरी खुबी पंगतीची. यादीचे दोनच भाग मानायचे : पहिला आणि उरलेले. पहिल्याला 'कार' म्हणतात, उरलेल्यांना 'कुडर'. १९५० च्या दशकातल्या एका आयबीएम यंत्राच्या अंतर्भागावरून पडलेली ही नावं. यंत्र गेलं, नावं राहिली. आता पंगत वाढायची कशी? पहिल्या पानावर वाढ. मग उरलेली पंगत ही एक पंगतच आहे, तिलाही हेच कर. पंगत संपली की थांब. झालं! तीनशे पानं असोत की तीन हजार, सूचना तेवढीच. चाळीस वर्षांत इतकी नेटकी व्याख्या मला व्याकरणातही सापडली नाही. मी "वा!" म्हणालो. जावयांचा चेहरा पडला.

म्हणून त्यांना बरं वाटावं यासाठी विचारलं, "मग सगळे एका लिस्पमध्येच लिहीत असतील?"

जावई ताठ बसले. "छे! ती तर भाऊबंदकी आहे, मामा."

ती हकिगत ऐकून मला आमचा जुना वाडा आठवला. मूळ घर एक, आणि मुलं मोठी होऊन जो तो वेगळी चूल मांडून बसलेला. १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी स्कीम नावाची लहानखुरी शाखा काढली : घरात चारच भांडी, पण लखलखीत. इतर भावांच्या चुली इतक्या वाढल्या की १९८४ च्या सुमारास सगळ्यांना एकत्र बसवून कॉमन लिस्प नावाचा समझोता झाला. त्यावर अधिकृत शिक्का बसायला १९९४ उजाडलं. समझोत्याचा कागद एवढा जाडजूड झाला, की स्कीमवाले अजून त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. २००७ साली रिच हिकी यांनी क्लोजर काढली. ती जावा नावाच्या दुसऱ्या भाषेच्या घरात राहते, म्हणजे चक्क घरजावई. (इथे आमच्या जावयांनी खोकून पाणी मागितलं.) आणि ईमॅक्सची स्वतःची ईमॅक्स लिस्प ही माजघरातली आत्या. उंबऱ्याबाहेर पडत नाही, पण घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हुकमानं हलते.

"आणि दाजी, तुमच्याकडे काय मोठी एकी आहे?" भाचा उसळला. "व्हीआयमधून विम निघाला, विममधून २०१४ ला निओव्हिम फुटला, तो आता लुआ भाषेत बोलतो. तुमच्या विमची स्वतःची भाषा तर तुमच्यातलेच लोक सहन करत नाहीत!"

"तुमच्यातही लुसिड ईमॅक्स वेगळा झालाच होता की! १९९१ ला."

"मामा, तुम्हीच सांगा!"

यावर काय सांगणार? शेजारचे तात्या तेवढ्यात ओट्यावर येऊन टेकले होते. तात्या जुने मुकादम. दिवाळी झाली की कारखान्याला माणसं न्यायची, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा धंदा. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. माणूस मोजायचा तो हत्याराच्या नावानं. त्यांनी दोघांचं बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं,

"कामून भांडायलेत लेकरं?"

मी सांगितलं, हत्यारावरून.

"आन् हत्यार इकत घेतल्यावर त्येला हात लावू देत्यात का, का न्हाई?"

"म्हंजे?"

"म्हंजे आसं, की कोयता लोहाराकडून आणला तरी तो तवा आपला नसतोय. ज्यानं त्यानं मूठ तासायची, चिंधी गुंडाळायची, आपल्या हातापरमानं करून घ्यायचा. दुसऱ्याच्या कोयत्यानं ऊस तुटतो, पर हाताला फोड येतोय. तुमच्या ह्या यंत्राची मूठ तासता येती का?"

दोघेही एकदम म्हणाले, "येते!" आणि मग एकमेकांकडे बघू लागले. दिवसभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

भांडण खरं त्या मुठीवरच होतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांना मूठ तासायची सोय नसते. कंपनीनं जेवढी बटणं दिली तेवढी दाबायची आणि गप्प बसायचं. ईमॅक्स काय किंवा विम काय, यांत नवं बटण हवं असेल तर आपलं आपण बनवता येतं, जुनं आवडत नसेल तर बदलता येतं. ईमॅक्समध्ये तर काम चालू असतानाच बदलता येतं. धावत्या एस्टीचं चाक बदलण्यासारखं आहे हे; आमच्या गाड्या उभ्या असतानाही ज्या गतीनं चाक बदललं जातं, ते पाहिलेल्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. स्टॉलमन यांचा १९८३ पासूनचा सगळा हट्ट एवढाच, की हत्यार उघडून बघायचा, बदलायचा आणि बदललेलं शेजाऱ्याला द्यायचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे.

हा हट्ट मला एरवी तितका भिडला नसता. पण माझ्याकडे एक न उघडणारी पेटी होती.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या मात्र तिच्या जिभेवर शेकड्यांनी. जात्यावर बसली की तोंडातून ओवी आणि जात्यातून पीठ, दोन्हींची धार एकदमच सुरू होई. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. आईपर्यंत कुणी आलं नाही, म्हणून मीच दोन वह्या भरल्या. सहाशे बारा ओव्या. १९९८ मध्ये त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुढे वह्यांना वाळवी लागली. २००३ मध्ये आई गेली. उरली ती फाईल. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर ती मी जपत आणली. पण उघडली की ओवी दिसायची नाही. दिसायची ती इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्का, उद्गारचिन्हं. आई जन्मात एवढं इंग्रजी बोलली नव्हती.

कारण असं, की त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत मराठी तुकडे बसवत. एका अक्षराच्या खोलीत अर्धा ग, दुसऱ्याच्या खोलीत काना. दोन्ही शेजारी आले की ग. तो फॉन्ट असेल तोवर मराठी, नसेल तर नुसता कल्ला. आणि तो फॉन्ट चालायला प्रिंटरच्या जागी एक कुलूप लावावं लागे. कुलूप डीटीपीवाल्याबरोबर गेलं, कंपनीला पत्र लिहिलं त्याचं उत्तर आलं नाही. एका म्हातारीच्या सहाशे बारा ओव्यांसाठी जगातली कुठलीही कंपनी बटण काढणार नाही, हे मलाही कळत होतं.

मी पेनड्राइव्ह ओट्यावर ठेवला आणि निवाडा दिला : "जो ही फाईल आधी मराठीत आणील, त्याचा एडिटर श्रेष्ठ."

रात्री साडेनऊला दोघे बसले. छापलेलं एक जुनं पान माझ्या पोथीत राहिलं होतं, ते मध्ये ठेवलं. त्यावरून कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठला मराठी तुकडा, याची यादी झाली. जावयांनी शोधा-आणि-बदलाचे हुकूम विमला एकापाठोपाठ शिकवले. भाच्यानं जोड्यांची पंगत कंसात बसवली आणि पहिल्या जोडीपासून वाढायला सुरुवात केली. साडेदहाला पडद्यावर मराठी दिसू लागलं. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "हे कुठलं मराठी?"

गाडं 'कार्तिकी'पाशी अडलं होतं. आईच्या ओव्यांत पावलोपावली पंढरी आणि कार्तिकी, आणि तो शब्द धड एकाही जागी उमटेना. दोघेही यंत्राला दोष देऊ लागले. मी चष्मा चढवला. तेवढ्यापुरता तरी विषय माझा होता. जुन्या फाईलमध्ये तो शब्द कसा? क, काना, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग डोक्यावरचा रफार. डावीकडून उजवीकडे डोळ्याला जसं दिसतं तसं. पण आपण बोलतो कसं? आधी र, मग त, मग इ. १९९१ पासूनचं युनिकोड बोलण्याच्या क्रमानं चालतं.

"अरे, वेलांटी त च्या मागे घाला आणि रफार त च्या पुढे आणा," मी म्हटलं. "डोळ्याला दिसतं तसं नको, जिभेला येतं तसं लिहा."

दोघेही क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. आईला अक्षर येत नव्हतं. तिचं सगळं जिभेचंच होतं. हे वाक्य बोलल्यावर मलाही थोडा वेळ पुढे काही सुचलं नाही.

मग एक शेवटचा घोळ निघाला. आईच्या ओवीतल्या बालाघाटाच्या दऱ्या दोघांच्याही पडद्यावर दर्या होऊन आल्या होत्या. पावसाची वाट बघणाऱ्या आमच्या जिल्ह्याला एका कळीसरशी समुद्र! मराठीत अर्धा र दोन प्रकारचा, एक डोक्यावर बसणारा आणि एक आडवा, हे त्यांना शाळेत कुणीतरी सांगितलं असेलच. आडव्यासाठी युनिकोडात नुक्त्याचा ऱ वेगळा ठेवलाय. तो त्यांनी शोधून काढला आणि समुद्र ओसरला.

जावयांचं काम अकरा चाळीसला झालं, भाच्याचं बारा दहाला. म्हणजे जावई जिंकले. पण भाच्याचं म्हणणं असं, की त्यानं केलेलं कायमचं बटण झालंय. अशी हजार फाइली आल्या तरी एक हुकूम पुरे. त्या हुकमाचं नाव त्यानं 'कंसमामा' ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांनी गुपचूप ती जोड्यांची पंगत मागून घेतली आणि आपल्या विममध्ये बसवली. म्हणजे निकाल पुन्हा अधांतरीच. एवढं मात्र दिसलं, की साध्या अक्षरांतली ती फाईल आता दोघांकडेही उघडत होती. ती कुणाच्या एडिटरची नव्हती, आणि कुणाचं कुलूपही तिला नव्हतं.

भाऊबीजेनंतर दोघांना दासोपंतांची पासोडी दाखवायला नेलं. दासोपंत (१५५१–१६१५) आमच्या अंबाजोगाईचे. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा, आणि रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे, असं सांगतात. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिलं. लोक कागदाच्या मापानं लिहितात. दासोपंतांनी लिहिण्याच्या मापाचं पान करून घेतलं. दोघे बराच वेळ बोलले नाहीत. नंतर पायऱ्या उतरताना भाचा म्हणाला, "दाजी, हे ईमॅक्सवालेच असणार." जावई म्हणाले, "एवढ्या वेगानं लिहायचं म्हणजे विमच." मी पुढे चालू लागलो.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी चष्मा लावून पडद्यावरच्या ओव्या वाचायला घेतल्या. वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "ही दोनशे चौदावी अशी नाही. सासूबाई दुसरं चरण निराळं म्हणायच्या. आणि हिच्यापुढे मी माझी एक जोडली होती, ती कुठाय? लिहा."

ओवीलाही मूठ तासता येते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जी दळते तिनं आपली एक घालायची, आणि पुढचीनं त्यापुढे आपली. सहाशे तेरावी लिहायला दोन्ही लॅपटॉप एकदम उघडले गेले.

"माझ्यात लिहा, मामी!"

"मामी, याच्यात सात कंस लागतील. इकडे या!"

त्यांचं मिटेपर्यंत ओवी विसरायची, म्हणून मी ती कालनिर्णयाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून घेतली.